मापासाठी उभा केलेला माणूस

वेरूळच्या कैलास लेण्यात वही-पेन घेऊन गेलेल्या माणसाला पहिली अडचण अंगणात शिरताच कळते. मागे सरकायला जागाच नाही. अंगणाची लांबी सुमारे २७६ फूट, रुंदी १५४ फूट, मागचा कडा शंभर फुटांहून उंच, आणि या खड्ड्याच्या मधोमध मंदिर. शिखर पाहायला जावं तर मान मोडते. जोत्यावरचे हत्ती पाहत बसावं तर शिखर हातचं जातं. बाजूने डोंगरावर चढून पाहिलं तर सगळं एकदम दिसतं खरं, पण कळस पायाखाली येतो. राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी आठव्या शतकात हे मंदिर वरून खाली कोरत आणलं. कागदावर ते खालून वर बांधायचं असतं. हल्लीचे फोन रुंद भिंगाने सगळं एका चौकटीत कोंबतात, तेव्हा खांब पोटात कळ आल्यासारखे वाकतात. चित्र काढणाऱ्याला अशी पळवाट नाही. त्याने एक जागा निवडायची, तिथून जे दिसत नाही त्यावर पाणी सोडायचं आणि बसायचं.

१७९४ साली पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट या कामाला बसला.

पुण्याच्या दरबारात तेव्हा सर चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील होता. १७८६ साली तो पुण्यात आला आणि पुढची अकरा वर्षं राहिला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी होती; १८१७ च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या फौजेने ती जाळली. मॅलेटला राजकारणाइतकाच लेण्यांचा, जनावरांचा आणि पुण्यातल्या माणसांचा नाद होता, आणि जे पाहिलं ते चित्रात उतरवून ठेवायची हौस होती. या हौसेपायी गंगारामला काम मिळालं. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने काढलेलं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. त्यावर नोव्हेंबर १७९० ची नोंद आहे. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण ज्याच्या हाताखाली गंगाराम घडला असं सहसा सांगितलं जातं तो जेम्स वेल्स मुंबईला उतरला तोच मुळी १७९१ साली. म्हणजे साहेब शिकवायला येण्याआधी हा पुणेकर गेंड्याच्या कातडीच्या घड्या निरखत बसला होता.

वेल्स हा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पीटरहेडचा. तैलरंगातली व्यक्तिचित्रं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं शेजारी-शेजारी बसलेलं जे चित्र मराठी माणसाने शाळेच्या पुस्तकापासून पाहिलेलं असतं, ते वेल्सचं. पण मुंबईजवळच्या लेण्यांनी त्याला झपाटलं. १७९३ साली टॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे चित्रकार मुंबईत आले, तेव्हा त्यांना घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी, कार्ले दाखवत फिरणारा हाच. शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही निघाली. तरुण पेशव्याचा आश्रय, मॅलेटची खटपट आणि वेल्सची शिकवणी. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली, म्हणजे त्याच्याही साठ-पासष्ट वर्षं आधीची ही गोष्ट. पुण्याला आपल्या शिक्षणसंस्थांचा एवढा अभिमान, पण या शाळेची पाटी कुठे दिसत नाही.

गंगारामच्या आडनावाशी थोडं थांबायला हवं. पुण्याची तांबट आळी आजही कसब्यात आहे आणि हातोडीचे आवाज तिथे अगदीच बंद झालेले नाहीत. तांब्याचं भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीने जवळजवळ, सारख्या अंतराने ठोके घालतात; त्याला मठारणं म्हणतात. पत्रा त्याने कडक होतो आणि अंगावर ठिपक्यांची चमकती नक्षी उमटते. एक ठोका चुकला तर तो भांडं मोडेपर्यंत दिसत राहतो. अशा घरातल्या माणसाच्या हाताला शाईची रेघ परकी वाटली नसणार, असं म्हणायचा मोह होतो. पुरावा काही नाही, पण मोह आवरण्याचंही कारण नाही.

मॅलेटने वेरूळच्या लेण्यांचं वर्णन लिहून कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीकडे पाठवलं. सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात ते छापून आलं. त्याच्या जोडीला गंगारामची चित्रं होती. गंगाराम वेरूळला बसला त्याच्या पुढच्याच वर्षी वेल्सही तिथे गेला. १७९५ चं ते वर्ष पुण्याला फार वाईट गेलं. ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून गेले. पाठोपाठ नोव्हेंबरात वेल्स गेला. साष्टी बेटावरच्या लेण्यांची चित्रं काढताना तो आजारी पडला होता. त्याच वर्षी गंगारामने काढलेलं पर्वतीच्या टेकडीचं एक चित्र आहे. त्यात दरबार नाही, लढाई नाही. टेकडी आणि तिच्यावरची देवळं, एवढंच. पुणेकर जी टेकडी रोज पाहतात ती बसून काढावी, असं कोणाला तरी वाटल्याची ही अगदी सुरुवातीची खूण आहे.

वेल्सच्या चित्रांचं पुढे काय झालं? मॅलेटने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केलं आणि कागद इंग्लंडला नेले. टॉमस डॅनिएलने १८०३ साली लंडनमध्ये वेरूळचं मोठं चित्रपुस्तक काढलं. चोवीस दृश्यं, वेल्सच्या चित्रांवरून. ही दृश्यं छापली ती तांब्याच्या पत्र्यांवरून. पत्र्यावर राळेची पूड धरायची, आम्लाने तो थोडा-थोडा खायचा आणि सावलीचे फिकट-गडद थर उठवायचे, अशी ती पद्धत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वेल्सचं आणि डॅनिएलचं नाव आहे. तांबं होतं, तांबट नव्हता.

या छापील दृश्यांत आणि त्या काळच्या युरोपीय पद्धतीच्या बहुतेक वास्तुचित्रांत एक गोष्ट हमखास सापडते. खांबाच्या पायाशी, दाराच्या चौकटीत किंवा पायऱ्यांवर इवलीशी माणसं असतात. कोणी काठी टेकून उभं, कोणी बसलेलं, कोणी बोटाने वर दाखवणारं. त्यांना चेहरे जेमतेम असतात. त्यांची नेमणूकच मुळी मापासाठी झालेली. माणूस पाच-साडेपाच फुटांचा, त्यावरून खांब किती उंच ते लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या वाचकाने ताडायचं. वास्तुविशारद आजही अशा आकृतीला ‘स्केल फिगर’ म्हणतात. पुढच्या दोनशे वर्षांत आपल्याकडे इमारती आणि रस्ते कसे काढले गेले, हे पाहायचं तर या मापाच्या माणसावर नजर ठेवली तरी पुरते.

वेल्सच्या हाताखाली रॉबर्ट मेबन नावाचा आणखी एक जण होता. त्याला लेण्यांपेक्षा पुण्याच्या रस्त्यावरची माणसं जवळची वाटली, आणि १७९७ साली कलकत्त्याहून त्याने इथल्या चालीरीतींच्या चित्रांचं छोटं पुस्तक काढलं. लेणी एकीकडे आणि माणसं दुसरीकडे, अशी वाटणी तेव्हाच पडली होती. ती बराच काळ मिटली नाही.

एकोणिसाव्या शतकात साहेबाला घाई झाली. जेम्स फर्ग्युसन हा कलकत्त्याचा निळीचा व्यापारी. १८३०-४० च्या सुमारास तो देशभर इमारती टिपत हिंडला, तेव्हा त्याच्याजवळ ‘कॅमेरा ल्युसिडा’ होता. नावात कॅमेरा असला तरी हा छायाचित्राचा कॅमेरा नव्हे. काठीवर बसवलेला लहानसा लोलक. त्यातून पाहिलं की समोरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दिसते आणि ती गिरवत जायचं. हात बरा असला की पुरे, नजर तयार नसली तरी भागतं. मग खराखुरा कॅमेरा आला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. अजिंठ्याची भित्तिचित्रं वर्षानुवर्षं रंगात उतरवणाऱ्या रॉबर्ट गिलनेही पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि १८६४ साली लेण्यांची त्याची छायाचित्रं फर्ग्युसनच्या पुस्तकात आली. पुरातत्त्व पाहणी खात्याच्या छायाचित्रांतही खांबाशेजारी एखादा शिपाई किंवा हमाल उभा केलेला असतो. काम तेच, मापाचं. फरक इतकाच की आता त्याला खरोखरच उन्हात न हलता उभं राहावं लागे.

आता हाताने इमारती काढायचं कारण उरलं नाही, असं वाटण्यासारखी ही वेळ. झालं उलटंच, आणि त्याचं कारण कलेत नव्हतं, छापखान्यात होतं. छायाचित्र अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छापता येत नसे. रेघ मात्र छापता येई. शाईने काढलेल्या चित्राची काच करायची, ती रसायन लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर प्रकाशाने उतरवायची, पत्रा आम्लात सोडायचा. रेघेवरचा भाग तगतो, मधला खाल्ला जातो. उरलेला पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणला की लेख आणि चित्र एकाच दाबात कागदावर. छापखान्यातल्या भाषेत हा लाइन ब्लॉक. पुढे छायाचित्रांसाठी ठिपक्यांचे हाफटोन ब्लॉक आले, पण त्यांना गुळगुळीत कागद लागे. स्वस्त, खरखरीत कागदावर हाफटोनचा चिखल होई आणि शाईची रेघ ताठ उभी राही. मराठी मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांवर इतकी वर्षं रेखाचित्रांनी राज्य केलं त्यामागे हे जस्त आणि हा कागद आहे.

लाइन ब्लॉकला करडा रंग कळत नाही. एक तर काळं, नाही तर पांढरं. त्यामुळे सावली हवी असेल तर ती रेघांनीच विणावी लागते. विटांच्या भिंतीला आडव्या रेघा, उतरत्या कौलांना तिरप्या, कोनाड्यातल्या अंधाराला रेघांवर रेघांची जाळी, जांभ्याच्या खडबडीत चिऱ्याला ठिपके. हत्यारही त्याला साजेसं हवं. पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनाचा बोरू मोडीला उत्तम; त्याची कत तिरपी, म्हणून रेघ वळणावर आपोआप जाड-बारीक होते. खिडकीचे गज काढायला तो उपयोगाचा नाही. विलायती पोलादी टाक आला तेव्हा दाबाप्रमाणे केसाइतकी बारीक किंवा काडीइतकी जाड रेघ एकाच टोकातून निघू लागली. नंतर वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत रोट्रिंगची पेनं आली. त्यांची रेघ कितीही दाबा, सारख्याच जाडीची.

हत्यार कोणतंही असो, शाई खोडता येत नाही. ब्लेडने खरवडता येते किंवा पांढऱ्या रंगाने झाकता येते, पण दोन्ही दिसून येतं. म्हणून पेनने इमारत काढणारा पहिला बराच वेळ काहीच काढत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता बसलेला दिसतो. तो हिशेब करत असतो: कौलांची कड कागदावर कुठे येईल, दार मधोमध घेतलं तर चित्र मरेल का, झाड सोडावं की धरावं. दुसरी पंचाईत उन्हाची. छायाचित्र क्षणात होतं. पेनचं काम दोन-तीन तास चालतं आणि तेवढ्यात सावली भिंतीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. अनुभवी लोक सावल्यांच्या कडा आधी, पहिल्या दहा मिनिटांत, पुसट आखून ठेवतात. पुढे सूर्य काय करेल ते करो, चित्रात साडेआठच वाजलेले राहतात. कच्चा हात सूर्यामागे धावतो आणि त्याच्या वाड्याला दोन बाजूंनी ऊन लागतं.

मुंबईत हे कसब रोजच्या जगण्याकडे वळलं ते महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या हातून. धुरंधर कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा. जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच मास्तर झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच त्या नोकरीचा हिशेब सांगतं. पौराणिक तैलचित्रांसाठी त्यांचं नाव झालं, पण त्यांची खरी श्रीमंती वह्यांत आहे असं मानणारेही पुष्कळ आहेत, आणि ते चुकत नाहीत. मुंबईचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्‌स यांनी शहराच्या गल्लीबोळांवर लिहिलेलं ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ १९१२ साली निघालं, त्याची चित्रं धुरंधरांची. पोलिसाचं लेखन आणि ड्रॉइंग मास्तरांची रेघ, अशी ही गमतीदार जोडी. फेटा कोण कसा बांधतो, नऊवारीचा काष्टा कोणत्या जातीत कसा जातो, टांगेवाला कसा बसतो, हे धुरंधरांना तोंडपाठ होतं. त्यांचा माणूस मापासाठी उभा राहत नाही. त्याला कुठेतरी जायचं असतं.

तिकडे इमारतींचं शिक्षण निराळ्या दिशेने चाललं होतं. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं क्लॉड बॅटली हा इंग्रज जे. जे.च्या वास्तुकला विभागाचा प्रमुख होता. त्याने विद्यार्थ्यांना विलायती पुस्तकांवरून खांब गिरवायला लावण्याऐवजी टेप घेऊन देवळांवर आणि वाड्यांवर पाठवलं. मोजा, मग काढा. या कामातून १९३४ साली भारतीय वास्तूंच्या रेखाटनांचा त्याचा मोठा संग्रह निघाला. मोजमाप-चित्रांत मात्र माणूस अजिबात नसतो. मापाचं काम आकडे करतात, त्यामुळे त्या बिचाऱ्याची ती नोकरीही गेली. देवळाचा कट-सेक्शन पाहावा, गर्भगृहाच्या भिंतीची जाडी इंचात कळते आणि नवस फेडायला कोणी येतं की नाही ते कळत नाही. ही तक्रार नव्हे. अशी चित्रं होती म्हणून कित्येक मोडकळीला आलेल्या इमारतींची डागडुजी नीट करता येते.

टेप आणि हसू एकाच हातात असल्याचंही उदाहरण मराठीत आहे. वसंत सरवटे हे स्थापत्य अभियंते, सिमेंट कंपनीतले नोकरदार आणि मराठीतले थोर व्यंगचित्रकार. त्यांच्या चित्रातली चाळ, गॅलरी, जिना हे सगळं उभं राहतं. कोसळणार नाही याची खात्री अभियंत्याने दिलेली असते. त्यांच्याविषयी लिहायचं तर स्वतंत्र लेख हवा.

इमारत आणि माणूस यांची फारकत पूर्ण मिटलेली पाहायची तर गोव्याला जावं लागतं. मारियो मिरांडा यांचा जन्म १९२६ सालचा, दमणचा; घराणं गोव्यातल्या लोटलीचं. लोटली सासष्टी तालुक्यात येतं. ज्या बेटावर वेल्सला आजारपणाने गाठलं ती मुंबईची साष्टी आणि ही गोव्याची सासष्टी, दोन्ही नावं सहासष्ट गावांवरून पडली असं म्हणतात. लहानपणी मारियो घराच्या भिंतींवर चित्रं काढत. भिंती वाचाव्यात म्हणून आईने कोरी वही आणून दिली. ती त्यांची ‘डायरी’.

ही सवय सुटली नाही. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्यांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. रोजचं पान, रोजचं चित्र. कोणाच्या घरी नाच झाला, चर्चमध्ये कोण पेंगलं, कोण कोणाकडे पाहत होतं, पाऊस किती पडला. तेव्हा त्यांचं वय तेवीस-पंचवीसचं. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये ते इतिहास घेऊन पदवीधर झाले होते. घरच्यांच्या आग्रहाने त्यांनी वास्तुकलेचा अभ्यासही धरला आणि लवकरच सोडला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाहीच. इतिहास पुरा आणि वास्तुकला अर्धी, हे मिश्रण त्यांच्या रेघेला लाभलं असं म्हणायला हरकत नाही.

पुढचा प्रवास सांगायला सोपा आहे. काही वर्षं जाहिरातीच्या स्टुडिओत, मग १९५३ पासून टाइम्स समूहात, ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि इतर नियतकालिकांत. १९५९ साली गुल्बेंकियन शिष्यवृत्तीवर पोर्तुगाल, तिथून लंडन आणि काही वर्षांनी परत मुंबई. मिस फोन्सेका, मिस निंबूपाणी, मंत्री बंडलदास ही त्यांची पात्रं वाचकांना घरच्यासारखी झाली. चौकटीतल्या विनोदासाठी लोक त्यांना ओळखतात. पण टिकणारं काम बहुधा दुसरं आहे: ते घरांसमोर, चौकांत आणि बाजारांत बसले ते.

गोव्याच्या घराचा दर्शनी भाग पेनसाठीच घडवल्यासारखा असतो. पुढे बाल्कांव, म्हणजे पायऱ्या चढून जायचा छपरी ओटा, दोन्ही बाजूंना बसायला सोपो. काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चौकोनी तावदानांच्या खिडक्या. एकेका झडपेत अशी कितीतरी तावदानं. वर कौलं, खाली जांभा, कडेला नक्षीचा कठडा. आळशी चित्रकार यातलं निम्मं सूचित करून मोकळा होईल. मिरांडा शिंपले मोजल्यासारखे काढतात. कौलांची प्रत्येक ओळ, फरशीचा प्रत्येक चौकोन, झावळीचं प्रत्येक पातं. एखाद्याला यात कारागिरीचा सोस वाटेल. पण इतकं भरगच्च असूनही चित्र गुदमरत नाही, कारण मधे कुठेतरी एक कोरी भिंत सोडलेली असते, ऊन खात पडलेली.

आणि बाल्कांवावर माणसं. खुर्चीत पाय पसरून पेपर वाचणारे बाबा, पंखा हलवणारी आजी, पायरीवर उगीच बसलेलं पोर, पाववाला, पाद्री, कठड्यावर कावळा, आणि कुत्रा. कुत्रा बहुतेक असतोच. या माणसांवरून घराची उंची कळते, तशी घरात कोण उरलंय तेही कळतं. मुलं मुंबईला किंवा आफ्रिकेत गेली, म्हातारे मागे राहिले, दिवाणखान्यातलं झुंबर पेटवायला प्रसंग उरला नाही, हे सगळं कौलांच्या आणि शिंपल्यांच्या रेघांत शब्दावाचून येतं. ज्याला दीडशे वर्षं खांबाशी उभं केलं होतं, तो इथे घराचा मालक होऊन बसला आहे. घर त्याच्या मापाने काढलं जातं.

हे सगळं नुसत्या प्रेमाने साधत नाही, जवळिकीने साधतं. मिरांडा स्वतः अशाच घरातले. श्याम बेनेगलांनी १९८५ साली ‘त्रिकाल’ काढला, तो पोर्तुगीज अमलाच्या अखेरीच्या गोव्यातल्या एका घराण्याचा चित्रपट, आणि त्याचं चित्रण झालं ते लोटलीच्या मिरांडांच्या घरात. बाहेरगावची चित्रं काढतानाही ते हीच बैठक नेत. जर्मनीतल्या हिवाळ्यावर त्यांचं अख्खं पुस्तक आहे. तिथेही टोकदार छपरं आणि चर्चचे मनोरे मन लावून काढलेले, पण खालच्या रस्त्यावर कोणीतरी बर्फात घसरतंय, कोणीतरी बिअरच्या पेल्यामागे दडलंय. पॅरिस असो की लिस्बन, ते बसायची जागा अशी निवडतात की इमारत आणि तिच्यासमोरचं लोकांचं वागणं एका नजरेत यावं. कैलासच्या अंगणात जी अडचण येते, तिच्यावरचा हा त्यांचा उपाय. मागे सरकता येत नसेल तर समोरच्या कॅफेत बसावं.

मनोहर माळगांवकरांच्या ‘इनसाइड गोवा’ची चित्रं मिरांडांची. माळगांवकर बेळगावकडचे, इंग्रजीत लिहिणारे मराठी गृहस्थ. १९८० च्या दशकातल्या या पुस्तकात मजकूर वाचण्याआधी वाचक चित्रांतच हरवतो, अशी प्रेमळ तक्रार लेखकाने केली असती तर ती रास्तच ठरली असती. पुढे वास्तुविशारद जेरार्ड द कुन्या यांनी विखुरलेली हजारो चित्रं गोळा करून पुस्तकांतून मांडली. मिरांडांची रेघ आता गोव्यात मगांवर, टाइल्सवर आणि टी-शर्टांवर मिळते. नाक मुरडणारे मुरडोत. लाइन ब्लॉकसाठी तासलेली रेघ चिनी मातीवरही तितकीच स्वच्छ उमटते, हा तिचा गुणच.

२०११ च्या डिसेंबरात मारियो मिरांडा लोटलीच्या घरीच गेले. त्याच वर्षी येलमध्ये मॅलेट-वेल्स यांच्या काळच्या कागदांचं एक प्रदर्शन भरलं आणि गंगाराम तांबटाचं नाव त्याच्या चित्रांखाली ठळकपणे लागलं. गेंडा, लेणी, पर्वती. पुण्याहून येलचं गाव न्यू हेवन फार लांब पडतं, म्हणून ती चित्रं इथल्या फार थोड्यांनी समोरासमोर पाहिली आहेत.

मिरांडांचं तसं नाही. मुंबईत कुलाब्याच्या कॉजवेवर कॅफे मॉन्डेगार आहे. तिथल्या एका भिंतीवर त्यांनी मुंबईचं जगणं काढलं आणि समोरच्या भिंतीवर याच कॅफेतलं वातावरण: टेबलं, पेले, गप्पा, जागेसाठी ताटकळणारे, बिलावरून वाद घालणारे. ज्या मुलाच्या हातून भिंती वाचवायला आईने वही आणली होती, त्याला अखेर अख्ख्या भिंती मिळाल्या. संध्याकाळी कॅफे भरलेला असताना दारातून पाहिलं तर भिंतीवरच्या टेबलांची ओळ कुठे संपते आणि खालची कुठे सुरू होते ते पटकन कळत नाही. गिऱ्हाईक खुर्ची ओढून भिंतीला पाठ टेकतं, मेनू कार्ड उघडतं, आणि त्याच्या डोक्यामागे चितारलेला वेटर ट्रे सांभाळत उभा असतो.